दावा नाय

सात नंबरचा रकाना फार लहान होता, हे माझं पहिलं म्हणणं. जेमतेम बोटभर. वर छापलेलं होतं, ‘सदर जागेवर दावा आहे काय?’ आणि खाली जागा एवढीच, की ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहिलं की संपली. कुणाला आणखी काही सांगायचं असेल तर त्यानं घरी जाऊन बायकोला सांगावं, अशी फॉर्म छापणाऱ्याची समजूत असावी. पण सगळा दोष रकान्यावर ढकलून मी मोकळा होणार नाही. पेन माझ्या हातात होतं.

सदुसष्ट सालची गोष्ट. मी, सहदेव, चोवीस वर्षांचा, जमीनमोजणीच्या एका कचेरीत हंगामी कारकून होतो. गाव मालवणजवळचं, आई आणि मी विक्रोळीच्या चाळीत राहायचो. हंगामी म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. दर तीन महिन्यांनी नवा हुकूम निघायचा आणि तो निघेपर्यंत घास गोड लागायचा नाही. त्या वर्षी आम्हा चौघांपैकी दोघांना कायम करणार, असं हेडक्लार्क भाऊराव सांगत होते. सांगताना ते कुणाकडे बघतात, इकडे आम्हा चौघांचं लक्ष असायचं.

माहुलच्या खाडीकडे एक कोळीवस्ती होती. तिथून कारखान्यांकडे जाणारा रुंद रस्ता काढायचा होता आणि वस्तीची खळी त्यात जात होती. खळं म्हणजे शेणानं सारवलेली उघडी जागा. तिच्यावर जवळा वाळत घालायचा, कडेला बांबूंच्या दांड्यांवर बोंबील टांगायचे; वर्षाचं पोट त्या जागेवर. ज्यांचा दावा नोंदला जाईल त्यांना खाडीच्या पलीकडे बदली जागा मिळणार होती, ज्यांचा नाही त्यांना काही नाही. हे सगळं नोटिशीत होतं आणि नोटीस विहिरीजवळच्या झाडावर ठोकलेली होती. वस्तीतल्या बहुतेकांनी ती नुसती बघितली होती.

एप्रिलातली दुपार. साहेब जीपमध्ये बसून मान पुसत होते आणि दर दोन मिनिटांनी “आटप रे” म्हणत होते. मी फॉर्म घेऊन खळ्या-खळ्यावर फिरत सरूबाईपाशी आलो. पन्नाशीची, काटक बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. खराट्यानं जवळा उलटत होती. मी नाव, जागेच्या सीमा लिहून घेतल्या आणि सातव्या रकान्याला आलो.

“मावशी, इथं तुमचा काही दावा आहे?”

तिनं खराटा खाली ठेवला. पदर सारखा केला. शेजारच्या खळ्यावर तिचा धाकटा दीर तुळशीदास उभा होता, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दावा व्हता. नव वरसं व्हता. आता नाय. नारली पुनवेला दोगांनी मिलून नारल सोरला दर्यात, त्याच्यासंगं दावा सोरला. माजा आता कुनाशी बी दावा नाय. लिव.”

आणि मला कळलं. तिथंच, त्याच क्षणी कळलं. नंतर मी स्वतःशी पुष्कळ सारवासारव करून पाहिली, पण खरं तेच आहे. मी ज्या मुलखातला आहे तिथं दावा म्हणजे काय हे मूल दात येण्याआधी शिकतं. माझ्या वडलांनी चुलत्यावर एका फणसापायी दावा लावला होता. कोर्टातला दावा अकरा वर्षांनी निकाली निघाला, तोवर फणस वाळवीनं खाल्ला होता, आणि दोन घरांतला दावा तेव्हाही उभा होता. चुलता गेला तर आम्ही मयताला गेलो नाही. शब्द एकच. कोर्टात तो जागेवर असतो, घरात माणसाशी असतो, आणि एकातून दुसरा कधी निपजतो त्याचा पत्ता लागत नाही. आमच्याकडे पाऊससुद्धा दावा साधतो. सरूबाईला त्यातला एकच दावा माहीत होता, आणि तो तिनं मोठ्या मनानं सोडला होता.

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, भांडणाचं नाही, जागेचं विचारतोय. एवढंच. बोलायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला आणि साहेब ओरडले, “काय रे, पोथी वाचतोयस काय तिथं?” माझं पेन रकान्यावर क्षणभर थांबलं, आणि मी ‘नाही’ लिहिलं. तिचा अंगठा घेतला. त्याच्याखाली छापलेलं होतं, ‘वरील मजकूर वाचून दाखविला व समजावून सांगितला’. त्याखाली मी सही केली.

मग तुळशीदास. तो चौथी शिकलेला आणि नोटीस नीट वाचलेला. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला, “हाय. दावा हाय. बापापासून हाय.” मी ‘आहे’ लिहिलं. वळून पाहिलं तर सरूबाई वाकल्याची सरळ झाली होती आणि दिराकडे बघत होती. त्यानं भर वस्तीत तिच्या थोबाडीत मारली असती तरी तिचा चेहरा तेवढा उतरला नसता. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

सुनावणी बावीस मेला होती. मधले पाच आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. दिवसभर बरा असायचो, पण कुणी फायलींचा गठ्ठा उचलला की वरचं नाव वाचायला उठायचो. शेवटी भाऊरावांपाशी विषय काढला, चूक त्या बाईचीच असावी तसा. भाऊराव चहा बशीत ओतता ओतता थांबले.

“खाली सही कुणाची?”

“माझीच.”

“मग चूक तिची कशी? समजावून सांगितलं म्हणून तू लिहून दिलंयस. आता सांगितलं नव्हतं म्हणालास तर तू खोटा कागद केलास. हंगामी माणसाला काढायला नोटीस पण लागत नाही, बाबा.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तू गप्प राहा. तुझं नाव मी वर ठेवलंय.”

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट जेवणावरची वासनाच उडाली.

आईनं ते दोन दिवसांत ओळखलं. ती तांदूळ निवडत बसली होती, मी सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला केलं.

“तुका तेव्हाच कळला?”

“हो.”

“मगे लिवलंस कित्याक?”

“साहेब घाई करत होते.”

“सायब घाई करी होतो,” ती म्हणाली, “म्हणान तू त्या बायलमाणसाच्या गळ्यात दावा घातलंस.”

आमच्या मालवणीत गुराच्या गळ्यातल्या दाव्यालाही दावाच म्हणतात. तिसरा अर्थ मला आईनं असा शिकवला. त्यावर मी चिडलो, ‘नोकरी गेली तर खायचं काय’ असं ओरडलो. तिनं परत सूप पुढं ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली.

रविवारी सकाळी मी बसनं माहुलला गेलो. वस्तीत शिरलो आणि आधी दिसलं ते हे, की सरूबाईच्या आणि तुळशीदासाच्या खळ्यांमध्ये जुन्या जाळ्यांचा आणि फुटक्या फळ्यांचा कमरेइतका बांध घातलेला आहे. एप्रिलात तो नव्हता. सरूबाई दारात बसून बोंबील निवडत होती.

“तू तो लिवनारा ना?”

“हो मावशी. तुमच्याशी बोलायचंय. तुमचे दीर...”

“त्याचं नाव काढू नको.” तिचा हात चालूच होता. “माजा धर्मा तापानं फनफनला व्हता, तरी यानं त्याला होडीवर नेला. होडी परत आली, धर्मा नाय आला. नव वरसं मी याचं तोंड बघितलं नाय. मंग गाववाले मदी परले, नारल सोरला, मी सगलं पोटात घातलं. आन् यो काय बोलला? सगल्या वस्तीसमोर? दावा हाय, बापापासून हाय! मेल्या बापाला मदी आनलंन.”

मी तिथंच मातीत बसलो आणि तिला समजावलं. जे एका वाक्यात व्हायचं होतं त्याला आता अर्धा तास लागला. सरकारी कागदात दावा म्हणजे हक्क सांगणं. तुमचं भांडण कुणी विचारलंच नव्हतं. तुळशीदासनं नुसतं जागा माझी एवढंच सांगितलं. आणि तुम्ही, तुम्ही जागा माझी नाही म्हणून अंगठा दिलात. तिचा हात थांबला.

“म्हंजे एका शबदाला दोन तोंडां?”

“हो.”

“मंग दुसरा शबद नाय मिलाला तुमाला? जागा कुनाची, असं इचारलं असतंस तर मी सांगितली असती. दावा कशाला मदी घातलात?”

फॉर्म मी छापला नव्हता, एवढं मी पुटपुटलो.

ती उठली. बांधापाशी जाऊन मोठ्यानं हाक मारली, “तुलशा! ए तुलशा, हिकरं ये!” तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हाक आलेली, तुळशीदास अर्धवट दाढी तशीच ठेवून धावत आला. सगळं ऐकून त्यानं तोंडावरचा साबण हातानं पुसला.

“वैनी, मना वाटलं, माज्या शेजारची जागा तुला नको झाली. रागानं सोरलीस. मी हिकरं रोज स्वतःला खात व्हतो.”

सरूबाईनं एक फळी उपसून बाजूला फेकली, मग तोही लागला. दोघं बांध काढत होते आणि मी चोरासारखा बघत उभा होतो. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? वाटलं, निम्मं तरी निस्तरलं. निघताना तिनं मला वाळल्या बोंबलांची जुडी दिली आणि विचारलं, “सुनावनीला काय बोलायचं?”

“दावा आहे म्हणा. साहेब विचारतील, तेव्हा मी सांगीन की आधी तुम्हाला प्रश्न कळला नव्हता. मी समजावलाच नव्हता.”

“तू सांगशील?”

“सांगीन.”

“नक्की?”

“आईशप्पथ, मावशी.”

मला हे आधी कळलं होतं आणि तरी मी लिहिलं, एवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतर मी रोज बसमध्ये, नळावर, जेवताना एकच वाक्य घोकायचो. नाही साहेब, मी समजावून सांगितलं नव्हतं. सहा-सात शब्द, पण प्रत्येक शब्दामागे आईचं सूप दिसायचं, चाळीचं भाडं दिसायचं. काही दिवशी वाटायचं बोलीन, काही दिवशी वाटायचं साहेब विचारणारच नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी साहेबांना ताप यावा म्हणून देवाला प्रार्थना केली. इतका मी खालच्या पायरीला आलो होतो.

बावीस मेला सकाळी कचेरीत पाऊल टाकलं तोच भाऊरावांनी खांद्यावर हात ठेवला. “कायमचे हुकूम साहेबांच्या टेबलावर आहेत. सुनावणी आटपली की सह्या. दोन नावं आहेत, पहिलं तुझं. आज जरा नीट वाग.”

वस्तीतली माणसं व्हरांड्यात बसली होती. सरूबाईनं ठेवणीतलं कोरं लुगडं नेसलं होतं आणि केस तेल लावून चापून बांधले होते, लग्नाला आल्यासारखे. मला पाहून ती हसली आणि तुळशीदासाला कोपरानं ढोसलं, तो बघ आपला माणूस, अशा अर्थानं. मी मान खाली घातली.

पुकारा झाला. साहेबांनी कागद वर-खाली केला. “सरूबाई धर्मा. बोला. दावा आहे?”

“हाय सायब.” ती खणखणीत बोलली. “दावा हाय. जागेवर हाय, मानसावर नाय.”

दोन-तीन माणसं हसली, साहेबही जरासे हसले. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी फॉर्म पुढं सरकवला.

“हा अंगठा तुमचा ना?”

“माजाच.”

“इथं तर ‘नाही’ लिहिलंय. जागा सोडली म्हणून अंगठा दिलात, आणि आता म्हणता आहे?”

“तवा मना उमगलंच नाय, सायब. मना वाटलं भांडनाचं इचारतोय. त्या पोराला इचारा. तो सांगंल.”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सहदेव, खाली सही तुझी आहे. बाईंना प्रश्न समजावून सांगितला होतास?”

पंखा फिरत होता. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात हुकुमांचे दोन टंकलेले कागद होते, वर पेपरवेट. सरूबाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत काळजीचा लवलेश नव्हता. तेच मला सोसवेना. घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. ‘नाही साहेब’ इथून सुरू होणारं.

“हो साहेब,” मी म्हणालो.

“मोठ्यानं.”

“हो साहेब. समजावून सांगितलं होतं.”

“खोटं बोलतो हा!” तुळशीदास पुढं धावला. “मी बाजूला उभा व्हतो! घरी येऊन कबूल केलंन यानं!” साहेबांनी घंटी बडवली, शिपायानं तुळशीदासाला मागं लोटलं. साहेब म्हणाले, तोंडी बोलण्यावर कागद फिरत नसतो, आणि मला निकाल सांगू लागले. मी लिहिला. ‘अर्जदाराने दावा यापूर्वीच सोडला असल्याने अमान्य.’ माझं अक्षर चांगलं आहे, तेव्हाही ते हललं नाही. खाली तिचा अंगठा घ्यायचा होता. शाईचं पॅड मीच पुढं केलं, आणि तिनं अंगठा उठवला.

मी पाणी प्यायचं निमित्त करून मागच्या दारानं माठापाशी गेलो. पेला भरला आणि तसाच परत माठात ओतला. मला स्वतःची किळस आली होती, आणि त्या किळशीतही एक मन विचारत होतं की सह्या झाल्या असतील का. तोच ती दोघं कोपऱ्यावरून आली. तुळशीदासाच्या मुठी वळलेल्या होत्या. सरूबाईनं आडवा हात धरून त्याला थांबवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“पोरा, एक सांग. त्या दुपारी, मी बोलले तवा, तुला कललं व्हतं?”

आता खोटं बोलायला काहीच उरलं नव्हतं. मी मान हलवली.

“मना तवाच वाटलं व्हतं,” ती म्हणाली. “तुजा पेन थांबला व्हता.”

“वैनी, याला सोरू नको,” तुळशीदास म्हणाला. “जलमभर याद राहील असा...”

“नाय रं.” ती माझ्याकडेच बघत होती. “एक दावा मी नव वरसं सांभालला. लय खातो तो. आता खलं गेलं, बोंबील गेलं, त्यात आनीक यो कशाला पोसू?” मग तिनं शाईचा अंगठा माझ्यापुढं धरला. शाई अजून ओली होती. “तुज्याशी माजा दावा नाय. लिव. आंगठा देतंय.”

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी जगलो असतो. तुळशीदासानं चार ठेवून दिल्या असत्या तर घरी जाऊन आईला तोंड दाखवलं असतं. पण ती टोमणाही मारत नव्हती. ती अंगठा पुढं करून खरोखर थांबली होती, कचेरीत माणसं थांबतात तशी. पेन माझ्या खिशात होतं. माझा हात वर गेला नाही.

शेवटी तुळशीदासानं तिचा हात धरला, अंगठ्याची शाई आपल्या पांढऱ्या सदऱ्याला पुसली आणि तिला घेऊन गेला. आतून भाऊराव माझ्या नावानं हाका मारत होते. हुकुमावर सही झाली होती.